मालवणच्या किनाऱ्यावर दोन दिवस

दोन दिवसांची सुटी सांपडली म्हणजे शहरांतील माणसाचें मन समुद्राकडे धांव घेतें. एके काळीं विश्रांतीचीं ठिकाणें म्हणजे महाबळेश्वर आणि माथेरान. कोंकण हा चाकरमान्यांचा मुलूख. तेथून माणसें पोटासाठीं मुंबईस येतात आणि गणपतीला व शिमग्याला परत जातात, एवढीच त्याची ओळख घाटावरच्या लोकांना असे. पुढें काळ पालटला. १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा निघून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९७ सालीं तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यांत आला. आणि १९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून मंगळूरपर्यंत अखंड खुला झाला. आतां रात्रीं मुंबईस गाडींत बसलेला प्रवासी सकाळीं कुडाळास उतरतो आणि तासाभरांत मालवणच्या बंदरावर उभा राहतो.

दोन दिवसांत एखादा प्रदेश समजला, असें कोणी म्हणूं नये. तथापि मालवण, तारकर्ली आणि देवबाग हा जो दहाबारा किलोमीटरांचा किनारा आहे, तो डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला एक गोष्ट दोन दिवसांतही पुरती उमगूं शकते. येथील सारी शोभा आणि सारें सुख फार पातळ थरावर उभें आहे. वाळूची पट्टी अरुंद, वाळूखालच्या गोड्या पाण्याचा सांठा मोजका, खडकावरील प्रवाळाचें कवच नाजूक, आणि मासळीच्या हंगामावर चालणाऱ्या घरांची पुंजीही तशीच बेताची. या थरावर बारा महिने गांव राहतो, आणि सुटीचे दोन दिवस पाहुणा येऊन त्याच थरावर पाय ठेवतो. तो पाय कसा ठेवावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मालवणास आलेला प्रवासी प्रथम किल्ला पाहतो, आणि तें योग्यच आहे. बंदरासमोर समुद्रांत कुरटे नांवाचें खडकाळ बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, आणि सुमारें तीन वर्षांत, म्हणजे १६६७ सालीं, तें काम पुरें झालें. देखरेख हिरोजी इंदुलकरांची होती. बेटाचें क्षेत्र सुमारें ४८ एकर. तट तीस फुटांच्या आसपास उंच आणि बारा फूट रुंद; पायाचे दगड लाटांच्या माऱ्यानें हलूं नयेत म्हणून त्यांच्या सांध्यांत शिसें ओतलेलें. दरवाजा तर असा वळणांत दडविला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो कोठें आहे हें परक्याला कळत नाहीं. आंत राजाराम महाराजांनीं उभारलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे, आणि महाराजांचे म्हणून पूजिले जाणारे हाताचे व पायाचे ठसे आहेत. भाविकाचे हात तेथें आपोआप जुळतात.

परंतु या किल्ल्यांत आणखी एक स्थळ आहे, त्यापुढें बहुतेक प्रवासी फारसे थांबत नाहींत. तें म्हणजे तेथील विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशीं त्यांचीं नांवें. बाव म्हणजे विहीर. चारी दिशांना खारा समुद्र, आणि मधल्या खडकांत गोडें पाणी! ज्यांनीं हीं नांवें ठेविलीं, त्यांना पाण्याची किंमत कळत होती. बेटावर तोफा चढवितां येतात, दाणागोटा होड्यांनीं आणतां येतो. पण पाणी नसेल तर तो किल्ला आठ दिवसही नांदत नाहीं. सिंधुदुर्ग साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ उभा आहे, आजही आंत कांहीं घरें नांदतीं आहेत, याचें अर्धें श्रेय तटाला आणि अर्धें त्या विहिरींना द्यावें लागेल. किनाऱ्यावरील गांवांचें गूढही याच विहिरींत आहे. त्याकडे पुढें वळावयाचें आहे.

किल्ल्यासभोंवतालचा समुद्र वरून पाहतां निळा आणि रिकामा दिसतो. तो रिकामा नाहीं. १९८७ सालीं या भागांतील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. पाण्याखालच्या खडकांवर येथें प्रवाळ आहे. प्रवाळ दगडासारखें दिसतें, पण तें सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलें घर आहे. त्याच्या गोळ्यासारख्या जाती वर्षाकाठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. गेल्या कांहीं वर्षांत पाण्याखालीं बुडी मारून हें जग पाहण्याची सोय मालवण आणि तारकर्ली येथें झाली आहे, आणि ज्यानें एकदां रंगीत मासे आपल्या बोटांजवळून जातांना पाहिले, त्याला तो आनंद जन्मभर पुरतो. मात्र त्याच बुडींत तोल सांवरण्यासाठीं प्रवाळावर टेकलेला पाय, आठवण म्हणून मोडून घेतलेला तुकडा, किंवा निष्काळजीपणें टाकलेला होडीचा नांगर, हीं क्षणांत वीसपंचवीस वर्षांची वाढ नाहींशी करतात. तज्ज्ञ मार्गदर्शक प्रवाशाला आधींच बजावतो: पाहावें, हात लावूं नये. देवळाच्या गाभाऱ्यांत जो संयम आपण न सांगतां पाळतों, तोच येथें पाळावयाचा असतो.

मालवणहून दक्षिणेस सहासात किलोमीटरांवर तारकर्ली आहे. सुरूच्या आणि माडांच्या रांगा ओलांडल्या कीं पांढरी, मऊ, विस्तीर्ण पुळण समोर पसरते. हिवाळ्यांत समुद्र शांत असतो, पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो, आणि संध्याकाळीं सूर्य पाण्यांत उतरतांना बोलकीं माणसेंही गप्प होतात. पुळणीच्या वरच्या कडेस जांभळ्या फुलांची एक वेल सरपटत गेलेली दिसते. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्रानें येथवर यावें, यापुढें येऊं नये, अशी जणूं मर्यादाच ती आंखते. नांवांत काव्य आहे, पण कामांत व्यवहार आहे. तिचीं मुळें वाळू धरून ठेवतात. पावसाळ्यांतील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्राच्या तळाशीं नेतात, आणि दसऱ्यानंतर समुद्र शांत झाला कीं सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून ठेवतात. हा देण्याघेण्याचा व्यवहार शतकानुशतकें चालला आहे. बसण्याची जागा मोकळी व्हावी म्हणून वेल उपटली, किंवा बांधकामासाठीं वाळू उचलली, तर त्या हिशेबांत तूट येते. आणि ती तूट समुद्र किनाऱ्यावरच्या अंगणांतून वसूल करतो.

समुद्र किती जवळ येईल हें किनाऱ्यावरचा मनुष्य पंचांगावरून ओळखतो. दिवसांतून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. प्रत्येक दिवशीं वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरकते. म्हणूनच तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा अंदाज येतो, असा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हा त्यांतलाच हिशेब. स्थळपरत्वें त्यांत थोडें अंतर पडतें. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग. पोहावयास जाणाऱ्यानें हा हिशेब गांवकऱ्यांना विचारून घ्यावा. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी कधीं कधीं एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें परत आंत जातें. वरून तेथील समुद्र उलट शांत दिसतो, आणि नवखा मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. त्या ओढींत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झुंज घेण्यांत शक्ति घालवूं नये. किनाऱ्याशीं समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावें आणि मग परतावें. गांवचा मनुष्य आज पाण्यांत उतरूं नका म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. त्याच्या शब्दामागें त्याच्या वाडवडिलांचा अनुभव असतो.

तारकर्लीच्या पुढें रस्ता देवबागेंत शिरतो, आणि येथें भूमीचें रूपच बदलतें. सह्याद्रींतून उतरलेली कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वीं त्याच्याशीं समांतर वाहत जाते. नदी आणि समुद्र यांच्यामध्यें जी वाळूची लांबट जीभ उरली आहे, तिच्यावर देवबाग वसलें आहे. पूर्वेस नदीचें संथ हिरवट पाणी, पश्चिमेस समुद्राची गाज, आणि मध्यें माडांच्या सावलींत घरें. कोठें कोठें तर ही पट्टी इतकी अरुंद आहे कीं, एका बाजूची हाक दुसऱ्या बाजूस ऐकूं यावी. टोंकाशीं संगम, पलीकडे भोगव्याची पुळण. होडींत बसून संगमाकडे जातांना प्रवाशाला वाटतें, स्वर्ग म्हणतात तो हाच असावा.

या पट्टीवरील माणसें कोणतें पाणी पितात? दोन्ही अंगांना खारें पाणी असतांना वाळूंत खणलेल्या विहिरीला गोडें पाणी कसें लागतें? पावसाळ्यांत पडलेलें पाणी वाळूंत मुरतें. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून थोडें हलकें असल्यामुळें तें खालच्या खाऱ्या पाण्यांत पटकन मिसळत नाहीं. भिंगाच्या आकारानें त्याच्यावर तरंगत राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं खीबेन आणि हेर्झबर्ग या दोन युरोपीय संशोधकांनीं याचें गणित मांडलें. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक हात असेल, तर पातळीखालीं त्याची खोली सुमारें चाळीस हात असते. हें गणित प्रथम ऐकतांना आनंद होतो; पण तेंच उलटें वाचलें म्हणजे भय वाटतें. उपसा करून वरची उंची एक हात कमी केली, कीं कालांतरानें खालचें खारें पाणी चाळीस हात वर सरकूं शकतें.

रहाटानें घागर ओढणाऱ्या घराला या गणिताची भीति नव्हती. ओढणाऱ्याचे हातच दुखत, म्हणून उपशाला आपोआप मर्यादा पडे. विजेच्या पंपाला हात नाहींत आणि दुखणेंही नाहीं. शहरांतून आलेल्या पाहुण्याला दिवसांतून दोनदां मनसोक्त स्नान हवें असतें, रोज धुतलेल्या चादरी हव्या असतात, आणि समुद्र समोर असतांनाही कोणाकोणाला अंगणांत पोहण्याचा तलाव हवा असतो. एकट्या पाहुण्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु नाताळापासून मे महिन्यापर्यंत एकामागून एक येणारे सारे पाहुणे त्याच पातळ थरांतून पाणी घेतात, आणि त्या काळांत वरून पावसाचा थेंबही पडत नसतो. विहीर एकदां खारी झाली म्हणजे माडाचें झाड तग धरील. घरांतल्या चुलीवरचा भात मात्र शिजवितां येत नाहीं.

मग पाहुण्यानें येऊंच नये काय? असें कोणी म्हणणार नाहीं, आणि देवबागेंतील लोक तर मुळींच म्हणणार नाहींत. पाहुणा आल्यामुळें अनेक घरांतील मुलांना मुंबईची वाट धरावी लागली नाहीं. ज्या खोल्या ओस पडत चालल्या होत्या, त्यांत दिवे लागले. घरची गृहिणी जें रोज रांधीत होती, त्यालाच मोल आलें. तांदळाची भाकरी, तिरफळ घातलेलें बांगड्याचें तिखलें, कुळथाची पिठी, आणि शेवटीं वाटीभर सोलकढी. त्या कढीला रंग देणारीं सोलें उन्हाळ्यांत रतांबे फोडून, पावसापूर्वींच्या उन्हांत वाळवून ठेवावीं लागतात. म्हणजे पाहुण्याच्या ताटांतील एका वाटीमागें कोणाच्या तरी मे महिन्यांतल्या दुपारी असतात. ‘येवा, कोंकण आपलाच असा’ हें जें मालवणी आमंत्रण सर्वतोमुखीं झालें आहे, त्यांतील ‘आपलाच’ हा शब्द मात्र पाहुण्यानें जरा थांबून ऐकावा. आपल्या घरांत आपण पाणी सांडीत नाहीं आणि अंगणांत बाटल्या टाकीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं प्रवाशानें पहाटे उठावें, आणि जमल्यास रापण पाहावी. होडी जाळें घेऊन समुद्रांत अर्धवर्तुळ आंखीत जाते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात, आणि एका ठेक्यांत, पाऊल मागें टाकीत, तें प्रचंड जाळें ओढलें जातें. तरुण, म्हातारे, बायका, पोरें, सारीं त्यांत असतात. जाळें वर आलें म्हणजे तारली, बांगडा, पेडवे यांची रुपेरी तडफड वाळूवर पसरते, आणि वांटे होतात. जाळ्याला वांटा, होडीला वांटा, ओढणाऱ्याला वांटा. यंत्राच्या युगापूर्वींची सहकारी संस्थाच ती. तिची घटना कागदावर नसली तरी प्रत्येकाच्या तोंडपाठ असते.

पुष्कळ वेळां जाळें जवळजवळ रिकामेंही येतें. तें पाहून उभा असलेला प्रवासी हळहळतो आणि छायाचित्र न घेतां परत फिरतो. ओढणाऱ्यांना तसें फिरतां येत नाहीं. पर्ससीन नांवाच्या मोठ्या यांत्रिक जाळ्यांनीं माशांचे थवेच्या थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीं उचलले जातात, ही रापणकरांची आणि पारंपरिक गाबीत मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. तिच्यापायीं भर समुद्रांत संघर्षही झाले आहेत. २०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें पर्ससीन मासेमारीवर क्षेत्राचीं आणि महिन्यांचीं बंधनें घातलीं. प्रखर दिव्यांनीं मासे गोळा करून पकडण्याच्या पद्धतीस २०१७ सालीं केंद्र सरकारनें बंदी केली. तरी तंटा अजून पुरता शमलेला नाहीं. यंत्रवाल्यांनाही कर्जें आहेत आणि त्यांच्या होड्यांवर राबणारे खलाशीही गरीबच आहेत. पण मासा अंडीं घालील तेव्हां त्याला उसंत हवी, ही गोष्ट दोन्ही पक्षांना नाकारतां येत नाहीं. त्यासाठींच जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरणारा पाहुणा नकळत कोणाला तरी नियम मोडावयास सांगत असतो. त्यानें खुशाल सुकटीची चटणी मागावी. पावसाळ्यांत गांवही तेंच खातो.

सायंकाळ मोकळी असेल, आणि दिवस तुळशीच्या लग्नानंतरचे असतील, तर जवळपासच्या एखाद्या गांवच्या जत्रेंत दशावतार रंगलेला असतो. देवळासमोरील मोकळ्या जागेंत, एका बाकाच्या आणि मृदंग-झांजांच्या आधारावर, संकासुरापासून पौराणिक आख्यानापर्यंत रात्रभर खेळ चालतो. राजाचा मुकुट घालणारा नट दिवसा शेतांत किंवा होडीवर दिसतो. पाहुण्यासाठीं हा खेळ मांडलेला नसतो. तो देवासाठीं आणि गांवासाठीं असतो. पाहुण्यानें मागें एका बाजूस बसावें आणि पहाटेपर्यंत जागावें. हॉटेलांतल्या पंचवीस मिनिटांच्या तुकड्यापेक्षां त्यांत त्याला पुष्कळ अधिक मिळेल.

दोन दिवस संपतात आणि प्रवासी गाडी पकडतो. त्यानें या किनाऱ्याला काय दिलें आणि येथून काय नेलें, याचा जमाखर्च त्याच्या देखत होत नाहीं. तो पुढें होतो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस अजून आठदहा दिवस दूर असतांना, घरची बाई विहिरीचें पहिलें पाणी ओंजळींत घेऊन चव पाहते, तेव्हां तो होतो. जूनमध्यें होड्या वर ओढून त्यांच्यावर झावळ्या घातल्या जातात, आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला देवबागेंतील म्हातारा माणूस कंदील घेऊन पुळणीची कड बघावयास जातो, तेव्हां तो होतो. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, होड्या पुन्हां पाण्यांत लोटल्या जातात, आणि पहिल्या जाळ्यांत काय येतें इकडे साऱ्या घराचे डोळे लागतात, तेव्हां तो होतो.

त्या वेळीं पाणी गोड लागावें, मर्यादवेल जागेवर असावी आणि जाळें जड यावें, एवढ्यासाठीं पाहुण्याला फार मोठा त्याग करावयाचा नाहीं. बादलीभर पाण्यांत स्नान, पायाखालीं काय आहे याचें भान, आणि ऋतूंत जें असेल तें समाधानानें खाणें, इतकेंच पुरे आहे.